जागृती नावाची बाई

भाईंदर (पूर्व)
१८ जून २०२५

ती. वन्सं,

नमस्कार. फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहिलं तर यतीन वाचून दाखवणार. ही गोष्ट तुमच्या मुलाने वाचायची नाही, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. वाचून झालं की चुलीत घाला.

संचिताच्या साखरपुड्याला गुडघ्यांमुळे तुम्ही आला नाहीत. "सगळं छान पार पडलं" असं मी कळवलं होतं. छान काही पार पडलं नाही, वन्सं. पाहुणे जेवायला बसत होते तेव्हा हे हॉलच्या मागे गेले, ते झिंगूनच आत आले. होणाऱ्या जावयाच्या, निकेतच्या काकांसमोर, पंढरीनाथ काकांसमोर, उभे राहून म्हणाले, "माझी पोर उत्तनला मासे सुकवायला देत नाही मी." एवढ्यावर थांबले असते तरी... ताट उलटं केलं. दोन माणसांनी धरून बाहेर नेलं. निकेतची आई बिचारी मान खाली घालून बसली होती. तिला नवरा नाही. दिरानेच निकेतला लहानाचं मोठं केलंय, आणि त्याच्याच तोंडावर हे बोलले.

लग्न मोडलं नाही, ते निकेतमुळे. पण संचिता त्या दिवसापासून बापाशी बोलत नाही. मला म्हणाली, "आई, लग्नाला बाबा आले नाहीत तरी चालेल. कन्यादान मामा करेल." हे दाराआड उभे होते. ऐकलं त्यांनी.

आता खरं सांगायचं ते. यांची कारखान्याची शेड सुटते सहाला. पूर्वी साडेआठ-नऊला यायचे, वास घेऊनच. आताही तेव्हाच येतात, पण वास नसतो. वेलची चघळत येतात. मोबाईलला लॉक घातलंय. परवा मी भाजी चिरत होते, यांचा मोबाईल ओट्यावर होता. उजळला. वर नाव होतं जागृती. खाली लिहिलेलं, "लवू, संध्याकाळ झाली. आज मी सोबत आहे."

माझ्या हातातली सुरी खाली पडली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी कधी 'लवू' म्हटलं नाही, आणि ही कोण म्हणणार?

शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "शालूबेन, आपके वो तो रोज जेसल पार्क पे बैठे होते हैं. कान को फोन लगा के. किसी की सुनते रहते हैं." मी हसून म्हटलं, ऑफिस का काम होगा. शेडमध्ये प्रेस मशीन चालवणाऱ्याला कसलं ऑफिसचं काम?

दारू परवडली, वन्सं. हे नको. काय करू सांगा.

तुमची
शालू


वेळंब, ता. गुहागर
२७ जून २०२५

शालूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. चुलीत घातलेलं नाही, आणखी एकदा वाचायचं होतं.

साखरपुड्याचं आधी का नाही कळवलंस? मी बहिरी झाले, परकी नाही झाले. लवूचे कान लहानपणी मी खूप पिळलेत, आताही गाडीत बसून आले असते.

आता त्या बाईचं. माझ्या भावात खोड्या भरपूर. पण बायकांच्या बाबतीत तो भित्रा ससा आहे. तुला बघायला आला तेव्हा चहाची बशी हातात घेऊन अर्धा तास बसला होता, पिता येईना म्हणून. तू विसरलीस?

आणि तू लिहितेस, वास नसतो. ते मी दोनदा वाचलं. तू तेच एवढंसं लिहून पुढे पळालीस. दहा वर्षांत तू मला असं एकदाही लिहिलं नव्हतंस, की वास नाही. अगं, माणूस बाईच्या नादी लागला तर जास्त पितो, कमी पीत नाही.

घरात बसून रडू नकोस. बेव्हर्ली पार्कातली पोळ्यांची कामं लवकर उरक, त्या जेसल पार्कात जा आणि डोळ्यांनी बघ. बाई असली तर तिची वेणी धर. नसली तर मला कळव.

शेवंती


भाईंदर
८ जुलै २०२५

ती. वन्सं,

गेले. डोळ्यांनी बघितलं.

खाडीच्या कडेला बाकं आहेत. शेवटच्या बाकावर हे एकटेच, डोळे मिटून, फोन कानाला. मी मागून गेले आणि फोन हिसकावला. "कोण ही? बोलू दे मला तिच्याशी!" एवढ्या मोठ्याने ओरडले की चालायला आलेली माणसं थांबली.

मी फोन कानाला लावला. बाईचा आवाज होता, गोड, सावकाश. ती म्हणत होती, "प्यावंसं वाटणं वाढतं, मग आपोआप ओसरतं. ते ओसरेपर्यंत आपण थांबू या. पाय जमिनीला टेकवा. श्वास घ्या."

मी म्हटलं, "कोण बोलतेय?" ती आपली म्हणाली, "आता श्वास सोडा." मी सोडला, वन्सं! खरंच सोडला. तेव्हा हे हसले. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा हसताना बघितलं मी यांना.

जागृती ही बाई नाही. ॲप आहे. दारू कमी करायचं. शेडमध्ये सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांनी यांचं बीपी बघितलं, थरथरणारे हात बघितले. म्हणाले, "एकदम बंद करू नका, त्रास होईल. हळूहळू उतरा, मी सांगतो तसं." आणि हे फोनवर घालून दिलं. रोज किती प्यायलो ते त्यात खरं खरं घालायचं. दुकानाकडे पाय वळायची जी वेळ, त्याच्या आधी ते आपणहून बोलतं. फारच जीव तळमळला तर एक बटण दाबायचं, मग ती बाई बोलते, तळमळ ओसरेपर्यंत. शेड ते घर या वाटेवर दारूची चार दुकानं. म्हणून हे उलट दिशेने खाडीवर जातात, आणि कडकडून भूक लागली की घरी येतात.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

म्हणाले, "किती वेळा शपथ घेतली तुझ्यासमोर? गणपतीची, आईची, पोरीची. आता तोंड उघडायचीच लाज वाटली. म्हटलं, आधी जमू दे."

त्यात सुरुवातीला विचारतात, कशासाठी कमी करायची आहे? ते आपण लिहायचं आणि ती बाई अधूनमधून तेच आपल्याला वाचून दाखवते. यांनी मला उघडून दाखवलं. लिहिलं होतं, "पोरीचं कन्यादान शुद्धीत करायचं आहे."

वन्सं, मी त्या बाकावरच बसले. अंधार पडला तसे दोघं मिळून घरी आलो.

आता रोज मीही जाते. हंसाबेननी विचारलं, "वो लेडीज़ मिली क्या?" म्हटलं, "मिली. बहोत अच्छी है."

शालू


वेळंब
१६ जुलै २०२५

लवू आणि शालू, दोघांस आशीर्वाद.

बाई नाही हे बरं झालं. पण नाचू नका.

लवू, हे तुला लिहिते. यंत्राने माणूस सुधारतो हे मी ऐकलेलं नाही. आमच्याकडे लोक माळ घालतात, बुवाकडे नेतात, नारळावर हात ठेवून सोडतात. महिनाभर टिकतं. त्या नारळाला तरी देवाची भीती असते. तुझ्या फोनला कसली भीती? खोटं घातलंस तर त्याला काय कळणार आहे?

आणि चोवीस तारखेला गटारी. श्रावण लागायच्या आधीची ती अमावास्या मला चांगली ठाऊक आहे. शेडमधले तुझे दोस्त गप्प बसणार नाहीत. ती झाली की मला कळव. खरं कळव. तोवर मी काही शाबासकी देत नाही.

शेवंती


भाईंदर
२८ जुलै २०२५

ताई,

गटारीचं तू विचारलंस. शालू लिहायला बसली होती, मी तिच्या हातून पेन घेतलं.

प्यालो. भरपूर प्यालो.

शेडमधल्या नीलेशच्या खोलीवर सगळे जमले होते. कोंबडी होती, बाटल्या होत्या. मी ठरवून गेलो होतो की जेवायचं आणि उठायचं. पहिला ग्लास घेतला तेव्हा फोन खिशात वाजला. मी तो बंद केला. पुढचं नीट आठवत नाही. नीलेशने रिक्षात घालून पाठवलं.

सकाळी उठलो तर शालू पोळ्यांना गेलेली, संचिता कामावर. घर रिकामं. फोन चालू केला. वाटलं होतं, आता ही बाई माझी खरडपट्टी काढणार. नाहीतर सगळं पुसून टाकणार, पहिल्यापासून सुरू करा म्हणणार. तिने फक्त विचारलं, "काल कसं गेलं?"

तू म्हणालीस ना, खोटं घातलं तर त्याला काय कळणार? तेच मनात आलं. 'काही नाही प्यालो' असं घातलं असतं तर कोणाच्या बापाला कळणार होतं? आयुष्यभर मी तेच केलं, ताई. शालूला, तुला, डॉक्टरला. दोन घेतले तर एक सांगायचा, सहा घेतले तर दोन. पण इथे खोटं सांगून मी फसवणार कोणाला? बाई तर नाहीच आहे तिथे. मी एकटाच.

जेवढं आठवत होतं तेवढं खरं घातलं. तिने लिहिलं, "खरं सांगितलंत, हेच पुढचं पाऊल. आज डॉक्टरांना भेटता येईल का?" मी तडक गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "लवू, पडलास ते कळलं. का पडलास ते सांग." आम्ही बसून शोधलं. ठरवलं की पार्टीला जायचंच नाही असं नाही, पण फोन बंद करायचा नाही आणि एकट्याने जायचं नाही.

संध्याकाळी मी पुन्हा खाडीवर होतो. पूर्वी एकदा पडलो की पंधरा दिवस पडूनच राहायचो, 'आता मोडलीच शपथ' म्हणून. या वेळी एकच दिवस पडलो.

शाबासकी नको देऊ. पण मी वाट सोडली नाही एवढं जाण.

तुझा
लवू


वेळंब
८ ऑगस्ट २०२५

प्रिय लवू,

तुझं पत्र उशाशी ठेवलंय.

तुझे भावजी काविळीने गेले, असं मी सगळ्यांना सांगत आले. कावीळ होती, खरंच होती. पण ती कशाने झाली ते मी कोणाला सांगितलं नाही. घरातल्या बाटल्या मी रात्री फणसाखाली पुरत होते. आता कंटाळले. ते दारूने गेले, लवू. बेचाळिसाव्या वर्षी. ते पडले की त्यांना कोणी विचारलं नाही, "का पडलास?" मीही नाही विचारलं. मी फक्त शपथा घातल्या.

तुझा हा डॉक्टर आणि तुझी ती बाई भावजींना भेटली असती तर, असं काल दिवसभर मनात होतं.

आणखी एक. यतीन घेतो. बापासारखाच, आधी शनिवारी, आता केव्हाही. सुतारकामाची चांगली गिऱ्हाईकं दोन वेळा परत गेली. म्हणूनच शालूने 'यतीनला नको' म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण मलाही त्याच्यापासून पत्रं लपवायची होतीच. त्याला मी काही बोलले तर तो तोंड वळवून बोलतो. मी ओठ बघून समजते हे त्याला माहीत आहे, म्हणून मुद्दाम तोंड वळवतो.

तू पुढे चाल. मी बघतेय.

शेवंती

ता. क. शाबासकी देते.


भाईंदर
१४ ऑक्टोबर २०२५

ती. वन्सं,

गणपतीला गावी यायला जमलं नाही. यांच्या सगळ्या रजा लग्नासाठी राखल्यात. पण बातमी अशी आहे की पत्रात मावत नाही.

रविवारी सकाळी हे अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तयार. म्हटलं, कुठे? "उत्तनला." मी येऊ का विचारलं तर म्हणाले, "तू आलीस तर मी तुझ्या मागे लपेन."

पुढचं मला निकेतने सांगितलं. पंढरीनाथ काका दारात जाळं शिवत बसले होते. यांना बघून उठले नाहीत. हे समोर जमिनीवर बसले. म्हणाले, "साखरपुड्यात मी तुमच्या अन्नाला आणि तुमच्या कामाला नावं ठेवली. माझी पोर तुमच्या घरी येणार, हे माझं भाग्य आहे. शुद्धीत आहे मी. म्हणून आलो."

काका तसेच जाळं शिवत राहिले. मग म्हणाले, "मी बी रागात लई बोललो आसतो तवा. निकेतनं हात धरला माझा." आणि आत हाक मारली, "वयनी, पाहुणं आलंत. जेवायला हायेत." निकेतच्या आईने ताजी सुरमई तळली. हे म्हणतात, तसली सुरमई जन्मात खाल्ली नाही.

निकेतने लगेच संचिताला फोन केला. ती माझ्यासमोरच होती. फोन ठेवला आणि काही न बोलता खिडकीत जाऊन उभी राहिली. हे संध्याकाळी आले तेव्हा तिने दार उघडलं. पाच महिन्यांनी बापाशी पहिलं वाक्य बोलली. काय म्हणाली असेल? "बाबा, सुरमई एकट्यानेच खाल्लीत?" डब्यात तिच्यासाठी आणली होती यांनी. दोघं बापलेक त्या डब्यात एकत्र जेवले, मला एक तुकडा विचारला नाही.

डॉक्टर म्हणाले, बीपी पुष्कळ उतरलंय. हात थरथरत नाहीत. आता यांनी स्वतःच ठरवलंय, लग्नापर्यंत थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, आता पूर्ण बंद केली तरी चालेल.

लग्न पाच डिसेंबरला. हळद आदल्या संध्याकाळी, दोघांची एकत्रच, उत्तनला. आमच्या सोसायटीत बँजो लावू देत नाहीत. वन्सं, उत्तनची हळद म्हणजे काय असते तुम्हाला माहीत नाही. दारू पाण्यासारखी वाहते. यांची परीक्षा तिथेच. तुम्ही या.

शालू


वेळंब
२५ ऑक्टोबर २०२५

शालूस आशीर्वाद.

गुडघे मला बसस्टँडपर्यंतही नेत नाहीत. मी यतीनला पाठवते. तो हो म्हणाला, कारण त्याने उत्तनच्या हळदीबद्दल ऐकलंय. कशासाठी हो म्हणाला ते तुला कळलंच असेल. तरी पाठवते. लवूला सांग, पोराला त्याच्या ताब्यात देते.

शेवंती


भाईंदर
७ डिसेंबर २०२५

वन्सं,

लग्न झालं! पोर सासरी गेली. माझे पाय सुजलेत, आवाज बसलाय, पण तुम्हाला लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

हळदीला चारशे माणूस. मांडवाच्या एका बाजूला कोळंबीच्या भाताच्या कढया, दुसऱ्या बाजूला टेबलांवर बाटल्या. बँजो सुरू झाला की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, सगळे तुमच्यासारखेच. यतीन आल्या आल्या टेबलांकडे सरकला. मी यांच्याकडे बघितलं. हे जवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "भाच्या, मला आज एकट्याने उभं राहायचं नाही. माझ्याबरोबर राहतोस? तुझ्या आधाराची गरज आहे मला." त्याला वाटलं होतं, मामा भाषण देणार. तो गडबडला. म्हणाला, "राहतो."

हळद लागली. मग चारपाच दांडगे पाहुणे ग्लास घेऊन यांच्याभोवती जमले. एकाने तर ग्लास यांच्या ओठाला लावला. "आवं व्याही, आज न्हाय घ्यायची तं कवा घ्यायची? पोरीची हळद हाय!" यांचा चेहरा घामाने भिजला. हे ग्लासकडे बघत होते, वन्सं. मी बघितलं, ते ग्लासकडेच बघत होते. मग मान वर केली आणि त्या बँजोच्या वर आवाज चढवून म्हणाले, "पोरीची हळद आहे म्हणूनच नाही! मला आज सगळं बघायचंय. सगळं लक्षात ठेवायचंय!"

तेवढ्यात पंढरीनाथ काका पुढे आले. त्या माणसाच्या हातातला ग्लास काढून घेतला, टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, "माझ्या व्याह्याला कोन पाजतोय रं? त्याला नाचायचं हाय!" यांचा हात धरला आणि सरळ मधोमध नेलं.

आणि हे नाचले! मागच्या बाजूला संचिता पाटावर बसलेली, अंगभर हळद, तिला उठायची परवानगी नाही. ती उठली. धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. यांचा पांढरा सदरा पिवळाधमक झाला. मग दोघं नाचले, निकेत नाचला, निकेतची आई डोळे पुसत नाचली. यतीन मामाच्या शेजारून हलला नाही. त्यानेही घेतली नाही. मी बारकाईने बघत होते.

दुसऱ्या दिवशी कन्यादान. भटजींनी पाणी सोडायला सांगितलं. यांच्या हातावर संचिताचा हात, आणि हात स्थिर. एक थेंब इकडेतिकडे सांडला नाही. मी मोठ्याने रडले. लोकांना वाटलं, पोर जातेय म्हणून.

यतीन उद्या रात्रीच्या गाडीने निघेल. त्याच्याबरोबर पातळ पाठवतेय, अंजिरी रंगाचं. नेसा.

तुमची
शालू


वेळंब
१३ डिसेंबर २०२५

शालू आणि लवू,

यतीन मंगळवारी सकाळी उतरला. बॅग ठेवली, हातपाय धुतले, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. उजेडाकडे तोंड करून, म्हणजे मला ओठ दिसतील असा. म्हणाला, "आई, हळद कशी झाली सांगू?"

आणि सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोण कुठे उभं होतं, संचिताच्या हातात कुठल्या बांगड्या, भातात कोळंबी किती, काका काय म्हणाले. किती लग्नांना जाऊन आला हा मुलगा, पण कधी एका लग्नाची गोष्ट सांगितली नाही, कारण त्याला कधी आठवलीच नाही. या वेळी चहा दोनदा गार झाला, तरी त्याचं संपेना. तुमच्या मांडवात मी नव्हते असं आता मला कोणी म्हणू नये.

मग म्हणाला, "मामाने मला ते फोनवर घालून दिलंय. तालुक्याच्या डॉक्टरांकडे पण जा म्हणालाय. शुक्रवारी जातो." तोंड वळवून नाही म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला. काल गेला आणि आला.

त्याचं पुढे काय होतं ते बघू. वाट लांब आहे, मला माहीत आहे. आता पडला तर काय विचारायचं, तेही मला माहीत आहे.

अंजिरी पातळ नेसून मी आज वाडीभर पेढे वाटले. काठी टेकत, एकेका घरी. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. लोक विचारत होते, "शेवंतीबाय, भाचीच्या लग्नाचे का?"

म्हटलं, "भाचीच्या लग्नाचे आहेतच. पण त्यातला मोठा पेढा आहे ना, तो माझ्या भावाचा!"

शेवंती